डावीकडे म्हणजे डावीकडे

व्हर्लिन तिला एकोणतीसची फोर्ड म्हणतो.
मी म्हणते, एक ना धड, भाराभर चिंध्या:
बॉडी लिंड्सबोर्गच्या एका तबेल्यातली, कोंबड्यांच्या शिटांसकट,
मागचा आस कुठल्याशा ट्रकचा,
इंजिन डॉइल क्रॅबट्रीच्या भावाचं. तो गेल्यावर
त्याच्या बायकोनं चारशे डॉलर आणि दोन टर्की घेऊन दिलं,
वर म्हणाली, एकदाची माझी ओसरी मोकळी झाली.

जानेवारी. बाहेर सगळं कॅन्सस गोठलेलं,
गॅरेजमध्ये रॉकेलचा हीटर
आणि माझ्या हातात टॉर्च.
एकेचाळीस वर्षांच्या संसारात हे खातं माझ्याकडे.
"इकडे धर. तिकडे नाही, मी बघतोय तिथे."
अरे, तू बघतोयस कुठे हे मला कसं दिसणार,
मध्ये तुझं डोकं आहे.

डॅशबोर्ड मात्र माझा.
आधी पुठ्ठ्यावर, स्वयंपाकाच्या टेबलाशी,
बिटाच्या बरणीचं झाकण ठेवून चार गोल काढले.
मधला मोठा, वेगाचा. त्याला बशी घेतली.
मग पत्रा, मग कानस,
दातांच्या मुळापर्यंत जाणारा तो आवाज.
तेलाच्या दाबाचा काटा कुठला माहितीय?
मी जिथे तीस वर्षं गव्हाच्या पावत्या फाडल्या
त्या कोठाराच्या बंद पडलेल्या बॉयलरचा.
अजून हलतो. हट्टी आहे.

व्हर्लिनला स्टिअरिंग हवं होतं
जुन्या शर्यतीच्या गाड्यांसारखं:
पेटी पायाशी नाही, डॅशच्या मागे,
आणि दांडा बॉडीच्या कुशीतून बाहेर पडून
उघड्यावर पुढच्या चाकापर्यंत गेलेला.
"लोकांना दिसलं पाहिजे, गाडी वळते कशी."
पेटी मिळाली कॉर्व्हेअरची.
जागेत बसेना, म्हणून पालथी घातली.
सहा आठवडे.

मार्चमध्ये अंगणात चिखल झाला तेव्हा
गाडी पहिल्यांदा आपल्या पायांनी बाहेर आली.
त्यानं स्टिअरिंग डावीकडे वळवलं.
गाडी उजवीकडे गेली.
खोटं वाटेल म्हणून पुन्हा सांगते:
डावीकडे वळवलं, उजवीकडे गेली,
सावकाश, अगदी अदबीनं,
आणि आमची टपालपेटी आडवी करून थांबली.

मला हसू आवरेना.
रस्त्यापलीकडून ऑगस्ट श्रॅग ओरडला,
"व्हर्लिन, तू उलटा बस, म्हणजे जमेल!"
व्हर्लिन तीन दिवस बोलला नाही.
जेवताना मीठसुद्धा बोटानं मागितलं.

चौथ्या दिवशी त्यानं पेटी सुलटी केली.
सुलटी पेटी चार बोटं पुढे आली,
नेमकी माझ्या मोठ्या गोलात.
वेगाचा काटा मावेना.
"दुसरा पत्रा कापू," तो म्हणाला,
माझ्याकडे न बघता.
माझ्या बोटांत अजून कानशीची कुसं होती.
मी म्हटलं, राहू दे भोक.

राहिलं. बाकीच्या चौघांसारखीच
त्यालाही पितळी कड लावली.
आत बघितलं की ग्रीसनं माखलेला दांडा दिसतो,
हात फिरवला की फिरणारा.
जत्रेत लोक वाकून बघतात,
विचारतात, इथला काटा कुठे गेला?
व्हर्लिन म्हणतो, बायकोला विचारा.

जूनमध्ये, गहू कापणीला आलेला,
सलायनाच्या उत्तरेला सरळच सरळ रस्ता.
मी चालवत होते.
अंधार पडला तसा त्यानं टॉर्च काढला
आणि त्या भोकात उजेड टाकून बसला,
तासभर, पोरासारखा.
"किती वेगात आहोत गं?"
मी विजेचे खांब मोजायला लागले,
अकरानंतर चुकले.
"टॉर्च रस्त्यावर धर," मी म्हटलं,
"एक दिवा मघापासून मिचकावतोय."

पुढे फाटा आला.
डावीकडे वळवलं.
गेली.